सात नंबरची पुडी

दुपारचे अडीच. पंखे बंद आहेत, बर्नर चालू आहेत. टी.वाय.च्या मुलांपुढे कागदाच्या पुड्या, त्यांवर नाव नाही, फक्त नंबर. सात नंबरच्या पुडीत पांढरे, बारीक सुयांसारखे स्फटिक आहेत.

ती पुडी जिच्या वाट्याला आली आहे, तिच्या टेबलाशी मी उभी आहे. चिमूटभर पावडर स्पॅच्युलावर घेऊन तिनं ज्योतीत धरली, काळी काजळी उडाली. म्हणजे संयुग बहुधा ॲरोमॅटिक. नायट्रोजन, गंधक, हॅलोजन नाहीत, हेही तिच्या जर्नलमध्ये उतरलं आहे. आता ती टेस्ट ट्यूबमध्ये बायकार्बोनेटचं, म्हणजे खायच्या सोड्याचंच, द्रावण घेते आणि वर पावडर सोडते. चुरचुर आवाज होतो, नळीच्या तळापासून बुडबुड्यांची रांग लागते.

"मॅडम, आला! ॲसिड ग्रुप!"

हात लगेच जर्नलकडे जातो. बेंझोइक ॲसिड.

"फेरिक क्लोराइड केलंस?"

"पण ग्रुप तर मिळाला ना, मॅडम?"

"एका घरात एकच माणूस राहतो का?"

ती थांबते. मग नवी नळी घेते, पावडर थोड्या पाण्यात हलवते. लॅबच्या मामांनी आज सकाळीच न्यूट्रल फेरिक क्लोराइड करून ठेवलं आहे: अमोनिया थेंबाथेंबानं घालून, गाळून. त्यात आम्ल उरलं तर रंग दबतो, म्हणून ही मेहनत. ड्रॉपरमधून पिवळसर थेंब पडतो. नळीत उतरता उतरताच तो जांभळा होतो. पिकल्या जांभळाचा रस सांडावा तसा रंग पसरत जातो. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. गेली कित्येक वर्षं मी हा रंग बघते आहे, तरी दर वेळी माझाही श्वास क्षणभर अडकतो.

बेंझोइकनं इथे मातकट साका दिला असता. जांभळा रंग फिनॉलचा, रिंगवरच्या ओएचनं लोखंडाला धरल्याचा. साधं फिनॉल सोड्याला दाद देत नाही, तेवढं ते आम्लधर्मी नसतं. इथे मात्र दोन्ही गट एकाच रेणूत नांदत आहेत.

शेजारच्या टेबलावर टॉलेन्सची चाचणी चालू आहे. तिथल्या मुलाच्या नळीत चांदीच्या आरशाऐवजी काळा गाळ बसला आहे. नळी नीट धुतलेली नव्हती. मी त्याला उरलेलं द्रावण लगेच आम्ल घालून टाकून द्यायला सांगते. ते ठेवून दिलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो, यात हयगय चालत नाही.

परत सात नंबर. कॅपिलरी थर्मामीटरला बांधली आहे. पारा १२२ ओलांडतो. बेंझोइक असतं तर एव्हाना वितळलं असतं. पावडर कोरडीच आहे. १५०. १५७ ला कडा ओलसर दिसतात, १५९ ला सगळं पारदर्शक.

"सॅलिसिलिक," ती हळूच म्हणते.

पायाच्या कुरूपावर लावायच्या पट्टीत हेच असतं. खोडरबर शोधणाऱ्या तिला मी म्हणते, "पुसू नकोस, एक रेघ मार. आधी काय वाटलं होतं, तेही राहू दे." मोठ्या प्रयोगशाळांत हे काम आता इन्फ्रारेड आणि एनएमआर करतात, काही मिनिटांत. पण नळी हातात धरून पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे मुलांना इथेच कळतं, असं मला मनापासून वाटतं.

सॅलिसिलिकचंच पुढचं रूप दाखवायला मी कपाटातून ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या काढते. एक नवी, दुसरी दमट हवेत वर्षानुवर्षं पडून राहिलेली. ती दोन्ही कुटून वेगवेगळ्या नळ्यांत टाकते. फेरिक क्लोराइडला नवी रंग देत नाही.

"ओएच झाकलाय, ॲसिटिल बसलाय त्यावर," ती स्वतःच सांगते.

जुन्या गोळीच्या नळीत थेंब पडतो आणि फिकट जांभळी झाक उठते. ती जुन्या गोळ्यांच्या बाटलीचं झाकण उघडून हातानं वास नाकाकडे घेते.

"मॅडम, व्हिनेगर!"

आणि जर्नलचं नवं पान उलटते.