पटावर आहे, पण वर्गात आहे का? : टेक्सासच्या फ्रिस्कोमधल्या शाळा, त्यांचे पैसे आणि मतं

या आठवड्याचा भाग ऐकायचा राहिला असेल, किंवा लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला असेल, तर हे त्याचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं... अं...’ काढून टाकलेत.

एका ओळखीच्या प्रसंगाने सुरुवात करू. डॅलसजवळ राहणारी कुणाची तरी मावसबहीण डिसेंबरात पुण्याला यायचं ठरवते. घरात लग्न आहे, आणि नाताळच्या सुट्टीच्या दोन आठवडे आधीचं तिकीट बरंच स्वस्त पडतंय. मुलांची शाळा दहा दिवस बुडणार. इकडून आजी म्हणते, “अगं, दहा दिवसांनी काय मोठं बिघडतंय?”

अभ्यासाचं कदाचित नाही बिघडणार. पण शाळेच्या हिशोबाचं बिघडतं. कारण टेक्सासमध्ये शाळांना पैसे ठरवताना पटावर किती मुलं आहेत हे धरत नाहीत. वर्षभरात रोज सरासरी किती मुलं हजर होती हे धरतात. २०२५ च्या कायद्यानंतर एका मुलामागची मूळ रक्कम आहे ६,२१५ डॉलर. शाळेचे साधारण पावणेदोनशे दिवस धरले, तर एका मुलाचा एक दिवस म्हणजे ३५ डॉलरच्या आसपास. दोन भावंडं, दहा दिवस, म्हणजे सातशे डॉलर. हा अगदी ढोबळ हिशोब आहे, पण मुद्दा कळतो. शिक्षकांचा पगार आणि वर्गातला एसी तेवढाच राहतो, येणारे पैसे मात्र कमी होतात.

आज आपण फ्रिस्को हे एकच गाव घेऊन बघणार आहोत, की अमेरिकेतल्या सरकारी शाळा चालवतं कोण, पैसे येतात कुठून, आणि शाळा चांगली आहे हे ठरतं कसं. फ्रिस्कोच का? कारण तिथे मराठी घरं भरपूर आहेत, आणि कारण ही एका भराभर वाढलेल्या आणि मग अचानक थबकलेल्या व्यवस्थेची गोष्ट आहे.

आधी नाव समजून घेऊ

फ्रिस्कोच्या शाळा फ्रिस्कोची महापालिका चालवत नाही. त्या चालवतं ‘फ्रिस्को इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट’. यातला ‘इंडिपेंडंट’ म्हणजे नगरपालिकेपासून स्वतंत्र. स्वतःची हद्द, स्वतःचं निवडून आलेलं मंडळ, स्वतःचा कर. टेक्सासमध्ये अशी हजाराहून जास्त डिस्ट्रिक्ट आहेत. ‘डिस्ट्रिक्ट’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सातारा किंवा नाशिक येतं, पण तसा जिल्हा डोक्यातून काढून टाका. हा फक्त शाळांपुरता आखलेला तुकडा आहे.

गंमत म्हणजे ही हद्द गावाच्या हद्दीशी जुळतही नाही. प्लेनो, मॅकिनी, लिटल एल्म या शेजारच्या गावांचे काही भाग फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये येतात, आणि खुद्द फ्रिस्को गावातली काही घरं प्रॉस्पर किंवा लुईसव्हिल डिस्ट्रिक्टमध्ये पडतात. म्हणून तिकडे घर घेताना लोक पत्त्याच्या आधी विचारतात, “डिस्ट्रिक्ट कुठलं?”

कारभार कोणाच्या हातात?

सगळ्यात वर सात जणांचं विश्वस्त मंडळ. हे सात जण मतदार निवडतात, मुदत तीन वर्षं, आणि पगार शून्य. मंडळ एका सुपरिंटेंडंटची नेमणूक करतं. रोजचा कारभार तो किंवा ती बघते. मंडळाचं काम म्हणजे अंदाजपत्रक मंजूर करणं, कराचा दर ठरवणं, धोरण आखणं आणि सुपरिंटेंडंटकडून जाब घेणं.

पण मंडळ सर्वेसर्वा नाही. काय शिकवायचं याचा आराखडा राज्याचं शिक्षण मंडळ ठरवतं. राज्याच्या शिक्षण खात्याचा कमिशनर गव्हर्नर नेमतो, आणि कायद्यातल्या अटींनुसार तो एखाद्या डिस्ट्रिक्टचं निवडून आलेलं मंडळ बाजूला सारून स्वतःची माणसं बसवू शकतो. २०२३ मध्ये ह्यूस्टनमध्ये हेच झालं. ह्यूस्टन म्हणजे राज्यातलं सर्वांत मोठं डिस्ट्रिक्ट! थोडक्यात, गाडी स्थानिक लोक चालवतात, पण ब्रेकवर राज्याचाही पाय असतो.

पैशांचे दोन खिसे

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. त्यामुळे शाळांचा मोठा भार घरांवरच्या मालमत्ता करावर पडतो. दर सांगतात तो घराच्या किमतीच्या दर १०० डॉलरमागे. समजा घर ५ लाख डॉलरचं आहे आणि मालक स्वतः त्यात राहतो. २०२५ पासून शाळा-करासाठी त्यातले १ लाख ४० हजार वजा होतात. उरले ३ लाख ६० हजार. दर सोयीसाठी १ डॉलर धरा. झाला वर्षाचा शाळा-कर ३,६०० डॉलर.

हे पैसे दोन खिशांत जातात. पहिला खिसा रोजच्या खर्चाचा: शिक्षकांचे पगार, वीज, बसचं इंधन. दुसरा खिसा कर्ज फेडायचा: नवी इमारत, नवं छप्पर, नव्या बस यांसाठी काढलेले रोखे. आपल्या घरात किराण्याचे पैसे आणि गृहकर्जाचा हप्ता वेगळे असतात ना, तसंच. फरक एवढाच, की इथे कर्जाच्या खिशातले पैसे रोजच्या खर्चाच्या खिशात टाकता येत नाहीत. रोख्यांच्या पैशांतून शिक्षकाचा पगार वाढवणं कायद्यात बसत नाही. म्हणूनच “एवढी चकचकीत इमारत बांधता, मग शिक्षकाला पगार द्यायला पैसे का नाहीत?” हा प्रश्न तिथे दर वर्षी विचारला जातो, आणि त्याचं उत्तर दर वर्षी हेच असतं.

आता एक गैरसमज. लोकांना वाटतं, घरांच्या किमती दुप्पट झाल्या म्हणजे शाळाही श्रीमंत झाली. तसं होत नाही. हजेरी आणि मुलांच्या गरजा बघून राज्याचं सूत्र ठरवतं, की या डिस्ट्रिक्टला रोजच्या खर्चासाठी अमुक इतके पैसे मिळायला हवेत. स्थानिक करातून जास्त आले, की राज्य आपला वाटा कमी करतं. एकूण रक्कम जवळपास तीच राहते. आणि स्थानिक कर त्या रकमेच्याही वर गेला तर? मग जादा पैसे राज्य परत घेतं.

या परत घेण्याला तिकडे ‘रॉबिन हूड’ म्हणतात, आणि त्यामागे मोठी लढाई आहे. सॅन अँटोनियोच्या एजवूड भागातले पालक १९६८ मध्ये कोर्टात गेले. तक्रार साधी होती: आमची घरं स्वस्त, म्हणून आमच्या मुलांची शाळा गरीब, हा कुठला न्याय? १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ४ मतांनी हरले. पण १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यघटनेचा आधार घेऊन ही विषमता चुकीची ठरवली, आणि १९९३ मध्ये श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून घेऊन इतरांना देणारा कायदा आला. आजही यात ऑस्टिनचं डिस्ट्रिक्ट सर्वांत जास्त पैसे भरतं.

वाढ, वाढ, वाढ... आणि मग ब्रेक

२००० च्या आसपास फ्रिस्को डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे ७ हजार मुलं होती. पुढच्या दोन दशकांत संख्या ६५ हजारांच्या वर गेली. वर्षाला दोन-तीन-चार नव्या शाळा उघडत होत्या. त्यांचं धोरणही वेगळं होतं: एकच अवाढव्य हायस्कूल बांधण्याऐवजी मध्यम आकाराची अनेक बांधायची, म्हणजे जास्त मुलांना संघात, नाटकात, बँडमध्ये जागा मिळते. पालकांना हे आवडलं. पण शाळा जास्त म्हणजे मुख्याध्यापक, ग्रंथपाल, देखभाल, सगळंच जास्त.

वाढ चालू होती तोवर हे झाकलं गेलं. मग मुलांची संख्या उतरायला लागली. घरं इतकी महागली, की लहान मुलांची तरुण कुटुंबं उत्तरेला प्रॉस्पर, सेलिना इथे जायला लागली. जुन्या वस्त्यांतली मुलं मोठी होऊन कॉलेजला गेली, आईवडील मात्र त्याच घरात राहिले. मुलं कमी, म्हणजे हजेरी कमी, म्हणजे पैसे कमी. त्यातच २०१९ ते २०२५ या काळात राज्याची मूळ रक्कम ६,१६० डॉलरवर अडकून पडली होती. महागाई कुठल्या कुठे गेली, आणि २०२५ मध्ये वाढ झाली ती ५५ डॉलरची. त्या वर्षीच्या कायद्यात शिक्षकांच्या पगारासाठी वेगळे पैसे आले खरे, पण ते दुसऱ्या खर्चाला वापरता येत नाहीत.

उपाय काय? एका ठरावीक मर्यादेपलीकडे कर वाढवायचा तर मतदारांना विचारावं लागतं. २०१६ मध्ये विचारलं, नकार मिळाला. २०१८ मध्ये पुन्हा विचारलं, होकार मिळाला, सोबत ६९ कोटी १० लाख डॉलरचे रोखेही मंजूर झाले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये करवाढ आणि १ अब्ज डॉलरहून जास्त रोखे असे मिळून चार प्रस्ताव ठेवले. चारही पडले.

एक बारकावा लक्षात घ्या. २०१९ च्या कायद्यामुळे शाळेच्या रोख्यांच्या प्रत्येक प्रस्तावावर ‘ही मालमत्ता करातली वाढ आहे’ असं ठळक छापावं लागतं, दर वाढणार नसला तरीही. मतदान केंद्रात हे वाचून किती जणांचा हात थबकत असेल, विचार करा.

त्यानंतर डिस्ट्रिक्टने स्टेली मिडल स्कूल २०२४-२५ च्या अखेरीस बंद केलं. आणि हद्दीबाहेरच्या मुलांनाही प्रवेश द्यायचं ठरवलं. जिथे एके काळी वर्ग पुरत नव्हते, तिथे आता बाकं भरायची चिंता!

निकाल काय सांगतो?

टेक्सासमध्ये डिस्ट्रिक्टलाच ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी मिळते. फ्रिस्कोला २०२२ मध्ये ‘ए’ होती. ही श्रेणी तीन गोष्टींवर ठरते: मुलांचे गुण, वर्षभरातली प्रगती, आणि वेगवेगळ्या गटांतली दरी किती मिटली. पण मोजपट्टी मध्येच बदलली. हायस्कूलमधून पुढच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तयार झालेल्या मुलांचं प्रमाण आधी ६० टक्के असलं तरी ‘ए’ मिळायची, २०२३ साठी ते ८८ टक्के केलं. अनेक डिस्ट्रिक्ट कोर्टात गेली, आणि २०२३ ची श्रेणी जाहीर झाली ती थेट एप्रिल २०२५ मध्ये. म्हणून दोन वर्षांची अक्षरं शेजारी ठेवून “शाळा घसरली हो!” असं म्हणायच्या आधी पट्टी तीच होती का, हे बघा.

ज्यांची मुलं, त्यांचं मत?

आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. फ्रिस्कोच्या शाळांत आशियाई वंशाच्या मुलांचा गट आता सर्वांत मोठा आहे, आणि त्यात भारतीय घरांचा वाटा मोठा. यातले कितीतरी आईवडील एच-वन व्हिसावर किंवा ग्रीन कार्डच्या रांगेत. ते कर भरतात, भाड्याने राहत असतील तर घरमालकामार्फत भरतात. मत मात्र नाही, कारण मत नागरिकालाच. २०२४ च्या त्या चार प्रस्तावांवर ते काहीच करू शकले नाहीत. त्यांच्या मुलांचा शिकण्याचा हक्क मात्र पक्का आहे. १९८२ मध्ये टेक्सासमधल्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की कागदपत्रं नसलेल्या मुलालाही सरकारी शाळेचं दार बंद करता येत नाही.

मत नसलं तरी तोंड आहे. मंडळाच्या बैठका खुल्या असतात, तिथे पालकाला नाव नोंदवून बोलता येतं. अंदाजपत्रक सगळ्यांसाठी खुलं असतं. आणि ज्यांना नागरिकत्व मिळालंय, त्यांनी मे महिन्यातलं विश्वस्तांचं मतदान चुकवू नये. तिथे इतके कमी लोक फिरकतात, की एका सोसायटीएवढ्या मतांनी निकाल फिरू शकतो.

आणि मावसबहिणीचं तिकीट? लग्नाला जरूर ये म्हणा. पण जमलं तर सुट्टी लागल्यावरचं काढ म्हणावं. तिला मतदान करता येत नाही, पण मुलाची हजेरी लावणं तिच्या हातात आहे.

तुमच्या ओळखीचं कुणी तिकडे असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात!