घरचें अंदाजपत्रक आणि वर्षाची बेगमी

वर्षाचें धान्य एकदम भरलें म्हणजे स्वस्त पडतें, ही समजूत आपल्या घराघरांतून पिढ्यानुपिढ्या चालत आलेली आहे. ती खोटी नाहीं. पण ती अर्धीच खरी आहे. कित्येक घरीं कोठी भरलेली असूनही महिनाअखेर हात रिकामाच राहतो. असें कां होतें, आणि बेगमी खरोखर फायद्याची केव्हां ठरते, याचा आज थोडा विचार करूं.

प्रथम हें पाहूं कीं हंगामांत धान्य स्वस्त कां असतें. नवी तूर पौष-माघांत बाजारांत येऊं लागते. रब्बीची ज्वारी व गहूं माघापासून चैत्रापर्यंत खळ्यावरून निघतात. वाळलेली मिरची आणि हळद याच सुमारास येते. गुळाची गुऱ्हाळें दिवाळीच्या मागेंपुढें सुरू होतात. पुष्कळ शेतकऱ्यांना पैशाची नड एकाच वेळीं असते, आणि माल एकदम आल्यानें भाव उतरतात. पुढें तोच माल गुदामांत राहतो. गुदामाचें भाडें, गुंतलेल्या भांडवलाचें व्याज, उंदीर-किडीनें झालेली नासाडी, हें सारें व्यापारी भावांत मिळवतो. श्रावण-भाद्रपदांत आपण जो जादा पैसा देतों, त्याचा मोठा भाग साठवणुकीचा असतो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वर्षाची खरेदी करणारें घर व्यापाऱ्याचें साठवणुकीचें काम स्वतःकडे घेतें, आणि जी बचत होते ती त्या कामाची मजुरी होय. काम नीट झालें तरच मजुरी मिळावयाची.

एक उदाहरण घेऊं. आंकडे केवळ समजुतीसाठीं आहेत. एका घराला महिन्याला १० किलो, म्हणजे वर्षाला १२० किलो गहूं लागतो. हंगामांत तो ३० रुपये किलोनें मिळाला, तर ३६०० रुपये पडतील. महिन्याच्या महिन्याला घेतल्यास वर्षाची सरासरी ३६ रुपये धरूं. म्हणजे ४३२० रुपये. बचत ७२० रुपये. आतां समजा, त्यांतील १२ किलो गहूं किडला आणि तितका पुन्हां ३६ रुपयांनीं आणावा लागला. ४३२ रुपये गेले. हातीं राहिले २८८. आणि समजा, ते ३६०० रुपये दरमहा शेंकडा २ व्याजानें काढून वर्षाअखेर फेडले. व्याजच ८६४ रुपये झालें. म्हणजे गहूं चांगला राहूनही १४४ रुपयांची खोट आली. तात्पर्य, कर्ज काढून केलेली बेगमी ही बेगमीच नव्हे.

म्हणून खरेदीच्या आधीं अंदाजपत्रक. तें कांहीं अवघड नाहीं. प्रत्येक जिन्नस डब्यांत भरतांना वजन व तारीख एका वहींत टिपावी. डबा संपला कीं ती तारीखही टिपावी. तीन महिन्यांत घराचा खरा खप कळून येतो, आणि मनांतल्या अंदाजापेक्षां तो बहुधा वेगळाच निघतो. सणवार व पाहुणेरावळे यांसाठीं त्यांत थोडी भर घालावी. शिधापत्रिकेवर मिळणारें धान्य मात्र आधीं वजा करावें. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालीं प्राधान्य कुटुंबांना दरमहा माणशीं ५ किलो धान्य ठरलेलें आहे. तें घरीं येत असतां तितकेंच धान्य विकत घेऊन सांठविणें म्हणजे किड्यांची सोय करणें होय.

खप कळला कीं रक्कम कळते. वरील उदाहरणांतील ३६०० रुपयांचे बारा भाग केले तर महिन्याला ३०० रुपये होतात. हे पैसे पगाराच्या दिवशींच वेगळे काढावेत. खर्चून उरेल तें शिल्लक टाकूं म्हटल्यास कांहीं उरत नाहीं. पहिल्याच वर्षीं सगळें भरण्याचा हट्ट नको. एकच धान्य, तेंही चार-सहा महिन्यांपुरतें घ्यावें, आणि त्यांत जें वांचेल तें पुढील वर्षाच्या रकमेंत मिळवावें.

सांठविण्याजोगे जिन्नस कोणते, हेंही ठरवून घ्यावें. गहूं, ज्वारी, जुना पांढरा तांदूळ, तूरडाळ, मीठ, चिंच, आमसुलें, अख्खी वाळली मिरची हे टिकाऊ जिन्नस. शेंगदाणे, तीळ, सुकें खोबरें यांत तेल असल्यानें ते खवट होतात. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडवट होतें. हातसडीचा तांदूळही पांढऱ्या तांदळाइतका टिकत नाहीं. रवा, बेसन व दळलेले मसाले महिन्या-दोन महिन्यांपुरतेच आणावेत.

आतां साठवणुकीचें मुख्य तंत्र. धान्याचा खरा शत्रु ओल हा आहे. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आंत अंडें घालते व तें भोक बुजवून टाकते. त्यामुळें वरून निर्मळ दिसणारें धान्यही आंतून किडलेलें असूं शकतें. दमट, उबदार हवेंत साधारण महिन्याभरांत नवी पिढी बाहेर पडते. म्हणून गहूं निवडून कडक उन्हांत चांगला वाळवावा. दाणा दांताखालीं कट्‌कन् फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे असें समजावें. वाळलेलें धान्य गरम असतांनाच कोठींत भरूं नये. रात्रभर निवूं द्यावें, नाहींतर आंत घाम धरून बुरशी येते. कोठी झाकणाची व कोरडी असावी, ती भिंतीला टेकवूं नये, आणि खालीं लांकडी फळी ठेवावी. गव्हाला वा तूरडाळीला एरंडेल चोळणें, सावलींत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालणें, हे आपले जुने उपाय आजही उपयोगी आहेत. पावसाळ्यांत कोठी वारंवार उघडूं नये. पंधरा दिवसांचें धान्य वेगळ्या डब्यांत काढून घ्यावें.

याच ठिकाणीं एक इशारा द्यावासा वाटतो. धान्यांत पाऱ्याच्या गोळ्या ठेवणें व तांदळाला बोरिक पावडर चोळणें या प्रथा सोडून द्याव्यात. दोन्ही पदार्थ पोटांत जाणें अपायकारक आहे. आणि गुदामांत वापरतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरांत कधींही आणूं नयेत. हवेंतील ओलाव्यानें त्यांतून फॉस्फिन नांवाचा विषारी वायु निघतो, आणि बंद खोलींत झोपलेलीं माणसें त्यानें दगावलेलीं आहेत. चार किलो गहूं वांचविण्यासाठीं हें संकट ओढवून घेणें कोणत्याच हिशेबांत बसत नाहीं.

बांधीव पुडक्यांच्या खरेदींतही डोळसपणा हवा. मोठें पुडकें नेहमींच स्वस्त असतें असें नाहीं. आतां पुडक्यावर एकूण किंमतीबरोबर, वजन किलोहून कमी असल्यास दर ग्रॅमचा आणि अधिक असल्यास दर किलोचा भाव छापावा लागतो. तो वाचून दोन पुडक्यांची तुलना करावी. एकावर एक फुकट मिळतें म्हणून वहींत नसलेली वस्तु घेतली, तर तो खर्चच होय.

ज्यांची खोली लहान, किंवा मजुरी रोजची, त्यांनीं काय करावें? त्यांनाच किरकोळ भाव सर्वांत महाग पडतो. त्यांचा उपाय एकजुटीचा. १८४४ सालीं इंग्लंडांतील रॉचडेल गांवच्या कांहीं कारागिरांनीं, ज्यांत विणकर पुष्कळ होते, थोडथोडे पैसे जमवून पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या यांचें स्वतःचें दुकान काढलें. ग्राहकांच्या सहकारी चळवळीचा तो पाया मानला जातो. आपल्याकडे १९७५ मध्यें मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारचीं कुटुंबें संघ करतात, महिन्याची मागणी एकत्र नोंदवितात, आणि आलेल्या मालाचें वाटप सभासद आपसांत करतात. चाळींतील पांच-सहा घरांनाही हें साधेल. दोन पोतीं गहूं एकत्र आणून तोलून वांटून घेतला, तर कोणाच्याही घरीं कोठीची अडचण होत नाहीं, आणि कोणावरही मोठ्या रकमेचा भार पडत नाहीं. मात्र हिशेबाची वही सर्वांसाठीं उघडी असावी. एकजूट टिकते ती त्या वहीवर.

तेव्हां यंदा हंगामाचा भाव विचारण्यापूर्वीं तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. आपला खप किती, हें ठाऊक आहे काय? पैसा आपला आहे काय? धान्य कोरडें राहील अशी जागा आहे काय? तिन्हींचें उत्तर होकारार्थी असेल तर पोतें खुशाल घरीं आणावें. एकाचेंही नकारार्थी असेल, तर यंदा महिन्याचेंच आणावें आणि आजपासून वही सुरू करावी.