लहान प्रतिकृती विमाने : वजन, वेग आणि नवशिक्याचा सराव

प्रास्ताविक :
पिंपरी-चिंचवड ते चाकण हा पट्टा वाहननिर्मितीसाठी सर्वज्ञात आहे. येथील विद्यार्थ्यांना चाकावर चालणारी यंत्रे परिचयाची असतात. हवेवर तरणाऱ्या यंत्राचा अनुभव मात्र क्वचितच मिळतो. थर्माकोलचे वा बाल्सा लाकडाचे लहान विमान तो अनुभव अल्प खर्चात देते. नवशिक्याने मोठे, वेगवान विमान घ्यावे की लहान व साधे, हा प्रश्न वरकरणी आवडीनिवडीचा वाटतो. वस्तुतः त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे.

वजन आणि वेग :
विमान हवेत तरण्यासाठी पंखांवरील उत्थापक बल त्याच्या वजनाइतके असावे लागते. हे बल पंखाच्या क्षेत्रफळाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३०० चौरस सेंटिमीटर पंखाचे ३० ग्रॅमचे विमान ताशी सुमारे १७ किलोमीटर वेगाने तरू शकते. पंख तेवढाच ठेवून वजन चौपट, म्हणजे १२० ग्रॅम केल्यास हा वेग दुप्पट होतो. वजन चौपट आणि वेगाचा वर्गही चौपट, म्हणून आदळतानाची गतिज ऊर्जा सोळापट होते. पहिले विमान गवतावर पडून पुन्हा उडते. दुसरे मोडते, प्रसंगी कोणाच्या डोळ्यास इजाही करते. हलक्या विमानावर चूक स्वस्त पडते आणि म्हणूनच ती सुधारण्याची संधी मिळते.

समतोल :
फ्रान्सच्या आल्फाँस पेनो यांनी १८७१ मध्ये पॅरिस येथे रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सुमारे ११ सेकंद उडविले. शेपटीवरील आडव्या पंखामुळे त्याला स्थैर्य लाभले होते. आजच्या साध्या विमानांतही हेच तत्त्व वापरले जाते. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून रुंदीच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश अंतरावर ठेवावा. नाक वर उचलून विमान अडखळत असेल, तर नाकाशी थोडी चिकणमाती लावावी. ते सरळ खाली झेपावत असेल, तर ती कमी करावी. एका वेळी एकच बदल करून प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवावी. दोषाचे कारण शोधण्याची हीच शिस्त पुढे कारखान्यातही उपयोगी पडते. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई विभागात विमान प्रतिकृतिनिर्मितीला स्थान आहे, हेही येथे लक्षात घ्यावे.

स्थळ आणि नियम :
या परिसरालगत लोहगावचा विमानतळ व हवाई दलाचा तळ आहे. दिघी व देहूरोड येथे लष्करी आस्थापना आहेत. रेडिओ-नियंत्रित विमाने उडविण्यापूर्वी ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार आपली जागा लाल, पिवळ्या की हिरव्या क्षेत्रात येते, हे शासकीय नकाशावर पाहणे अनिवार्य समजावे. हाताने फेकण्याच्या वा रबरावरील विमानास शाळेचे मोकळे पटांगण पुरते. हलक्या विमानास वारा सहज भरकटवतो; म्हणून वारा पडलेली सकाळची वेळ निवडावी. वीजवाहिन्या, रहदारीचे रस्ते व गर्दी टाळावी.

समारोप :
औद्योगिक वसाहती व गृहसंकुले वाढत असताना मोकळी मैदाने आक्रसत आहेत. थोड्या जागेत, कमी वेगाने उडणारे लहान विमान या परिस्थितीत अधिक उपयुक्त ठरते. महाविद्यालयांनी अशा विमानांची निर्मिती प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांत समाविष्ट केल्यास, विद्यार्थ्याला सूत्र फळ्यावर वाचण्याआधी हातात अनुभवता येईल.