शब्द अडतो तेव्हां

बोलणें ही माणसाच्या इतकी अंगवळणीं पडलेली क्रिया आहे कीं, तिच्यामागें कांहीं श्रम आहेत हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. छाती, कंठ, जीभ, जबडा आणि ओठ यांचे शंभराच्या आसपास स्नायू एका तालांत हालतात, तेव्हां कोठें एखादें साधें वाक्य तोंडांतून बाहेर पडतें. हा ताल ज्याच्या बाबतींत वरचेवर चुकतो, त्याला लोक तोतरा म्हणतात. लोकांना दिसतो तो केवळ अडलेला शब्द. त्या एका शब्दापायीं खर्चीं पडणारें बळ आणि तें अडणें झांकण्यासाठीं दिवसभर चाललेली खटपट त्यांना दिसत नाहीं. आणि तोतरेपणाचा खरा भार या न दिसणाऱ्या भागाचाच असतो.

बोबडेपणा आणि तोतरेपणा यांची पुष्कळदां गल्लत होते. बोबडा माणूस ‘र’च्या जागीं ‘ल’ म्हणेल, पण त्याचें वाक्य कोठें थांबत नाहीं. तोतऱ्याचे वर्ण शुद्ध असतात. त्यांची वाट मात्र अडते. हें अडणें तीन प्रकारचें असतें. कधीं पहिलाच वर्ण पुनःपुन्हा उमटतो, कधीं तो लांबत जातो, आणि कधीं आवाजच फुटत नाहीं. हा तिसरा प्रकार सर्वांत कष्टाचा. कंठांतील स्वरतंतू एकमेकांवर घट्ट मिटतात, श्वास मागें कोंडून राहतो, मानेच्या शिरा ताणल्या जातात, पापण्या फडफडतात, जबडा थरथरतो. शब्द बाहेर ढकलण्यासाठीं जितका जोर करावा, तितकी गांठ अधिकच आवळते. दिवसभर असें चालल्यावर सायंकाळीं माणूस ओझीं वाहिल्यासारखा थकून जातो. आणि दिवसभरांत त्यानें केलेलें काय असतें, तर चार माणसांशीं चार शब्द बोलणें!

या शारीरिक कष्टांत लपविण्याच्या कष्टांची भर पडते. अडणारा शब्द चार पावलें आधींच ओळखावयाचा आणि त्याच्या जागीं दुसरा घालावयाचा, हें तोतऱ्याचें मुख्य शस्त्र. ‘बाबा’ अडले तर ‘वडील’, ‘मंगळवार’ अडला तर ‘परवां’. परंतु विशेषनामांपुढें हें शस्त्र चालत नाहीं. पुणें जिल्ह्यांतील शिरूर व दौंड या दोन तालुक्यांच्या गांवांचें उदाहरण पाहा. शिरूर घोड नदीच्या कांठीं वसलेलें असल्यानें त्याला घोडनदी असेंही म्हणतात. ज्याचा ‘श’ अडतो, तो बसमध्यें ‘घोडनदी’ म्हणून मोकळा होऊं शकतो. दौंडला असें दुसरें नांव नाहीं. पुणें, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांचे लोहमार्ग जेथें मिळतात, त्या जंक्शनचें तिकीट काढावयाचें तर ‘दौंड’ हाच शब्द उच्चारला पाहिजे. ‘द’साठीं जीभ दांतांच्या मागें टेकते आणि तेथेंच खिळून राहते, मागें रांग ताटकळते, खिडकींतून पुन्हा प्रश्न येतो. अशा वेळीं एखादा माणूस सोलापूरच्या वाटेवरील पुढच्या भिगवणचें तिकीट मागतो, जास्त पैसे मोजतो आणि दौंडलाच उतरतो.

आतां मोबाईलवरून तिकीट काढतां येतें, म्हणून ही खिडकी कांहींशी सुसह्य झाली आहे. स्वतःच्या नांवाला मात्र कोणतेंही यंत्र पर्याय देऊं शकत नाहीं. शाळेंतील हजेरी, नोकरीची मुलाखत, दूरध्वनी, मुलगी पाहण्याचा कार्यक्रम, सर्वत्र पहिला प्रश्न नांवाचाच; आणि नांव अडलें कीं ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हंसूं उमटतें किंवा संशय. उत्तर येत असूनही मुलगा मान खालीं घालून बसतो आणि शिक्षक त्याची गणना मठ्ठांत करतात. पुढें तोच तरुण दुकानाचा गल्ला किंवा वकिली टाळून, जेथें बोलावें लागत नाहीं असें काम पत्करतो. अशा रीतीनें एखादा वर्ण साऱ्या आयुष्याची दिशा ठरवितो.

या व्याधीचें मूळ शोधण्याचे प्रयत्न प्राचीन आहेत. कफयुक्त वायु शब्दवाहिनी धमन्यांना आवरून टाकतो आणि त्यामुळें माणूस मूक, मिन्मिण अथवा गद्गद होतो, असें सुश्रुतानें सांगितलें आहे. घरोघरीं वेखंड वा अक्कलकारा जिभेवर चोळीत. १८४१ सालीं बर्लिनच्या डीफेनबाख या शस्त्रवैद्यानें तर तोतऱ्यांच्या जिभाच कापून पाहिल्या. परंतु दोष जिभेंत नाहीं. उच्चारांच्या हालचालींची वेळ साधणाऱ्या मेंदूंतील व्यवस्थेशीं त्याचा संबंध आहे आणि त्यांत आनुवंशिकतेचा वांटा मोठा आहे; पाकिस्तानांतील कुटुंबांच्या अभ्यासावरून एका संबंधित जनुकाचा शोध २०१० सालीं प्रसिद्ध झाला. आईबापांच्या धाकामुळें किंवा कोणाची नक्कल केल्यामुळें मूल तोतरें होतें, हा समज खरा नव्हे. भीति तोतरेपणाला जन्म देत नाहीं. वाढविते मात्र खास.

जीभ निर्दोष असल्याचा पुरावा देवळांतही मिळतो. रांजणगांवच्या महागणपतीपुढें सर्वांबरोबर आरती म्हणतांना तोतरा माणूस सहसा अडखळत नाहीं. कारण तेथें ताल बाहेरून मिळतो. देवळाबाहेर येऊन चप्पल कोठें आहे हें विचारतांना तोच पुन्हा अडतो.

शंभर मुलांपैकीं सुमारें पांच मुलें दोन ते पांच या वयांत कांहीं काळ अडखळतात. त्यांतील बहुतेकांचें तें आपोआप सुटतें. प्रौढांत हें प्रमाण शंभरांत सुमारें एक उरतें, आणि त्यांत स्त्रियांपेक्षां पुरुष बरेच अधिक असतात. मुलाचें अडखळणें कांहीं महिने टिकलें, तर नुसती वाट न पाहतां वाचोपचारतज्ज्ञाला दाखविणें हिताचें. मुंबईस वांद्रे येथें अली यावर जंग यांच्या नांवाची वाणी व श्रवण यांसाठींची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. प्रौढाचा तोतरेपणा समूळ जाईलच असें वचन कोणी प्रामाणिक तज्ज्ञ देत नाहीं. शब्दाला हलका आरंभ कसा द्यावा हें तो शिकवितो. आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे लपविणें सोडावयास लावतो. १९५७ मध्यें केरळचे पहिले मुख्यमंत्री झालेले ई. एम. एस. नंबुद्रिपाद तोतरे बोलत. तुम्ही नेहमींच अडखळतां काय, असें विचारतां, नाहीं, बोलतों तेव्हांच, असें त्यांनीं उत्तर दिल्याचें सांगतात. ज्यानें लपविणें टाकलें, त्याचे अर्धे श्रम वांचले.

उरलेले श्रम कमी करणें ऐकणाऱ्याच्या हातीं असतें. ‘सावकाश बोल’, ‘आधीं श्वास घे’ हे उपदेश निरुपयोगी; ते त्यानें हजार वेळां ऐकलेले असतात. त्याचा शब्द आपणच पुरा करणें हें तर त्याहून वाईट, कारण तो शब्द त्याच्या मनांतला असेलच असें नाहीं. नजर न वळवितां, घाई न करतां थांबणें, एवढेंच पुरेसें असतें. थांबणाऱ्याचे त्यांत फार तर पांच सेकंद जातात. बोलणाऱ्याला मात्र आपलें नांव आणि आपलें गांव आपल्याच तोंडानें सांगतां येतें.