राजाने भाकरी का टाकली?

कुत्र्याने अन्न टाकले की घरची मंडळी दोनच तर्क करतात : रुसला असेल, नाहीतर पोट बिघडले असेल. पोटात भूक आहे, पुढ्यात ताटली आहे, पण तोंडच उघडत नाही, असाही एक प्रकार असतो. येरवड्यात आमच्या शेजारच्या ‘राजा’मुळे तो मला जवळून पाहायला मिळाला.

राजा पाच वर्षांचा लॅब्राडॉर. फाटकाशी कुणी आले की पूर्वीसारखाच धावे; पण भाकरीचा तुकडा पुढे केला की हुंगून मागे सरे. दुधाला मात्र जिभेचे टोक लावी. कानशिले सुजलेली, डोळे किंचित पुढे आलेले. एकदा जांभई देताना तो कळवळून ओरडला, आणि ‘पिसाळला!’ अशी हाकाटी झाली.

ही भीती अगदीच निराधार नव्हे. म्हणून अशा कुत्र्याच्या तोंडात कधीही हात घालू नये. चावा बसलाच, तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन तडक दवाखाना गाठावा. परंतु रेबीजमध्ये लुळा पडलेला जबडा खाली लोंबतो. राजाचा तर उघडतच नव्हता. धनुर्वात, दाढेतले गळू, अडकलेले हाड, या शक्यताही पशुवैद्यांनी तपासल्या आणि मग निदान केले : चर्वणस्नायूंचा दाह.

चावण्याच्या स्नायूंत ‘२-एम’ नावाचे खास तंतू असतात. पायांच्या स्नायूंत ते नसतात. शरीराची संरक्षक फौजच शत्रू समजून या तंतूंवर तुटून पडते. म्हणून कुत्रा धावू शकतो, पण खाऊ शकत नाही! १९८० च्या दशकात अमेरिकेत डायान शेल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंतूंविरुद्धची प्रतिपिंडे शोधली. आता ती रक्तात तपासता येतात. मात्र रक्त औषध सुरू होण्यापूर्वी घेतलेले बरे. कधी स्नायूचा लहानसा तुकडाही तपासावा लागतो.

उपाय म्हणजे प्रेडनिसोलोन. मात्रा वैद्यांनीच ठरवायची. त्याने तहान, भूक आणि लघवी वाढते, घाबरू नये. दोन आठवड्यांत राजा मऊ भात खाऊ लागला, तेव्हा ‘आता गोळ्या कशाला?’ असा प्रश्न घरात निघालाच. वैद्यांनी साफ नकार दिला. गोळ्या काही महिने हळूहळू कमी कराव्या लागतात. घाईने बंद केल्या तर दुखणे उलटते. तोवर पातळ पेज किंवा कुस्करलेले अन्न द्यावे. जबडा बळाने उघडू नये. तो निखळण्याची वा मोडण्याची भीती असते.

उशीर झाला, तर स्नायू झिजून त्यांच्या जागी चिवट, निर्जीव तंतू येतात आणि तोंड कायमचे आखडते. राजाची कानशिले थोडी खोल गेली ती गेलीच; पण भाकरी तो आता चावून खातो. तुमचा कुत्रा ताटलीपर्यंत येऊन तसाच परतू लागला, तर त्याची समजूत काढत बसू नका. त्याच दिवशी त्याला पशुवैद्यांकडे न्या.