झेंडे चार, पट अठरा

मराठवाड्यातल्या शाळेत वर्षातून चार वेळा झेंडा चढतो. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट साऱ्या देशाचे. १ मे महाराष्ट्राचा, पण त्या दिवशी झेंड्यानंतर निकाल हातात पडतो, त्यामुळे पोरांच्या लेखी तो निकालाचाच दिवस. चौथा झेंडा १७ सप्टेंबरचा. पुण्या-नाशिककडच्या पाहुण्याला तो समजावून सांगावा लागतो. १९४८ साली या दिवशी निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं आणि नांदेड, लातूरच्या भागात स्वातंत्र्य पोचलं, देशाहून तेरा महिने उशिरा.

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या वाडीवर त्या सकाळी गेलात, तर प्रभातफेरी पाच मिनिटांत गावाचं टोक गाठते, कारण गाव तेवढंच असतं. पुढं झेंडा धरलेला चौथीतला पोरगा, मागं घोषणा देणारी पंधरा-वीस लेकरं, सगळ्यात मागं चप्पल सावरत पळणारी पहिलीतली दोन. मग शाळेच्या ओट्यावर भाषणं. रझाकार, स्वामी रामानंद तीर्थ, पोलीस ॲक्शन हे सगळं घोकून घोकून पाठ केलेलं, एका दमात. ऐकणाऱ्यांत त्या काळाचा साक्षीदार आता एखाददुसराच उरला आहे. पूर्वी असं कुणी म्हातारं माणूस भाषणाच्या मध्येच उठायचं आणि ‘तसं नव्हतं रे’ म्हणून खरा किस्सा सांगायचं. दुरुस्ती करणारा श्रोता मिळणं ही त्या कार्यक्रमातली सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

शाळेचा आणि मुक्तिसंग्रामाचा संबंध भाषणापुरता नाही. निजामी राजवटीत उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही तेच. खेड्यात शाळा क्वचित, आणि कुणी स्वतःहून शाळा काढली की सरकारची नजर वाकडी. अशा दिवसांत १९२१ मध्ये हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. स्वामी रामानंद तीर्थ पुढे लढ्याचे नेते झाले, पण आधी ते त्या शाळेतले गुरुजी होते. मुक्तीनंतरही पहिली ओढ शिक्षणाचीच दिसते. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. कंधारला भाई केशवराव धोंडगे आणि भाई गुरुनाथराव कुरुडे यांनी संस्था काढली, तिच्या नावातच ‘मोफत’ घातलं: श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी. फी माफ आहे हे पाटीवरच लिहिलेलं बरं, असा सरळ हिशेब.

वाडी-तांड्यापर्यंत शाळा नेली ती मात्र जिल्हा परिषदेनं. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. कुठं मारुतीच्या देवळात, कुठं कुणाच्या ओसरीवर वर्ग भरायचे. २००० च्या सुमारास वस्तीशाळा आल्या, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनी एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा असावी असं ठरवलं. आजच्या छोट्या शाळांतल्या अनेक मूळच्या वस्तीशाळाच.

लातूरचं नाव निघालं की लोक ‘लातूर पॅटर्न’ म्हणतात. राजर्षी शाहू महाविद्यालय, बारावी, मेडिकल, गुणवत्ता यादी. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. त्याच जिल्ह्यातल्या जळकोट-अहमदपूरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या दोनशिक्षकी शाळेवर फारसं कुणी लिहीत नाही. चार वर्ग आणि दोन खोल्या. कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. गुरुजी चौथीला भागाकार शिकवत असतात तेव्हा तिसरीला पाढे लिहायला दिलेले असतात, पण तिसरीचे कान भागाकाराकडे. पुढच्या वर्गाच्या कविता वर्षभर आधीच पाठ होतात. शिक्षणाच्या भाषेत याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात आणि त्यावर प्रशिक्षणं होतात. एक गुरुजी तालुक्याच्या मीटिंगला गेले की दुसऱ्यांवर चारही वर्ग पडतात, त्याचं प्रशिक्षण मात्र कुणी घेत नाही.

दिवस परिपाठानं सुरू होतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा. मोठ्या शाळेत माइकपुढं यायची पाळी वर्षातून एकदा. अठरा पटाच्या शाळेत दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाला काहीतरी म्हणावंच लागतं. लाजायला सवडच मिळत नाही. प्रतिज्ञेची गोष्ट तर या भागात आवर्जून सांगावी अशी आहे. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव नावाच्या, मूळ नलगोंड्याकडच्या अधिकाऱ्यानं ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. धर्माबाद, बिलोली, देगलूर भागात कितीतरी लेकरं घरी तेलुगू बोलतात आणि शाळेत तीच प्रतिज्ञा मराठीत म्हणतात. उदगीर-निलंग्याकडं काही घरांत कन्नड, तांड्यावर गोरमाटी, किनवट-माहूरच्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी. जून महिन्यात पहिलीच्या वर्गात मराठी पुस्तकाआधी घरच्या भाषेतलं गाणं घेणारे शिक्षक इथं आहेत. जे घेत नाहीत, त्यांच्या वर्गात महिना-दोन महिने शांतता असते आणि ती शिस्त समजली जाते.

छोट्या शाळेचं खरं वेळापत्रक शेत ठरवतं. पोळ्याच्या आधी मातीचे बैल होतात. सोयाबीनची काढणी लागली की वर्ग विरळ होतो; मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते, आणि नांदेडकडं कापूस वेचणीला शाळेतले हात लागतात. हजेरी भरताना गुरुजींना हे सगळं ठाऊक असतं. मग येते वेळ अमावस्या, म्हणजे आपली येळवस. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहरंही ओस पडतात. शेतात कडब्याची खोप, आत पांडवांची पूजा, मग भज्जी, उंडे आणि मडक्यातलं आंबील. गुरुजींना आठ दिवस आधीपासून आवतणं सुरू होतात. एकाच्या शेतात जेवून दुसऱ्याकडं गेलं नाही तर तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी बोलत नाही, म्हणून चार-पाच शेतांत थोडं थोडं आंबील पिणं हा नोकरीचाच भाग. दप्तराविना शिकवायचा शनिवार २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ म्हणून शासनानं आणला. चांगलंच झालं. येळवसीला मात्र इथली शाळा कधीपासूनच बांधावर भरते.

त्याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा. घोडे, गाढवं, कुस्त्या, लावणी आणि कृषी प्रदर्शन. या यात्रेचं आयोजन जिल्हा परिषद करते. म्हणजे जी परिषद पाढे शिकवते तीच तमाशाच्या फडाची सोय पाहते, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण गावाची आणि शाळेची खरी गाठ पाहायची तर गॅदरिंगच्या रात्री जावं. स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या जोडून त्यावर पाट्या. पडदा म्हणून लग्नातलं कापड. नाच लेझीमपासून सिनेमापर्यंत सगळे, आणि एकच पोरगी चार नाचांत, कारण पटच तेवढा. नाच रंगात आला की प्रेक्षकांतून नोटा येतात. कुणी दहा, कुणी पन्नास, आणि प्रत्येक नोटेमागं माइकवरून नाव पुकारलं जातं: अमक्या आबांकडून वीस रुपये, तमक्याच्या मामाकडून शंभर. आबांचं नाव आलं की समोरच्या भावकीतला माणूस गप्प बसत नाही, तो पन्नास पाठवतो. निवडणुकीत पडलेला शंभर देतो, निवडून आलेल्याला मग दोनशे द्यावेच लागतात. गावातली सगळी नाती, भांडणं आणि उमेदवाऱ्या तासाभरात माइकवरून ऐकू येतात. जमलेला पैसा शाळेचा. त्यातून पंखा येतो, स्पीकर येतो, खो-खोचे खांब येतात, पाण्याची टाकी बसते. लोकवर्गणीचा याहून प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही, कारण हिशेब सगळ्या गावानं कानांनी ऐकलेला असतो.

दुपारची खिचडी हा दुसरा धागा. १९९५ मध्ये योजना आली तेव्हा मुलांना महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा, तोही ऐंशी टक्के हजेरी असेल तर. शिजवलेलं अन्न नंतर आलं. आता पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, आणि जेवणातून ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. स्वयंपाकी-मदतनीस बाई बहुधा गावातल्याच, बऱ्याचदा एखाद्या विद्यार्थ्याची आई. कुणाला आमटी तिखट लागते आणि कोण भात टाकतं हे त्यांना तोंडपाठ. सगळ्या घरांतली लेकरं एका रांगेत बसून एका पातेल्यातलं जेवतात. ही रांग काही गावांत सहजासहजी बसलेली नाही. वाढदिवस असेल किंवा घरी काही मंगल असेल, तर तिथीभोजन म्हणून कुणी जिलेबी पाठवतं. परसबागेतली मेथी, वांगी पातेल्यात पडतात, निदान फेब्रुवारीपर्यंत. त्यानंतर विहिरीला पाणी नसतं. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात परसबाग हिरवी दाखवा असं म्हणणाऱ्या तपासणी अधिकाऱ्याला नमस्कार करावा.

इथं थोडं कडू बोलायला हवं. अलीकडं ‘उपक्रम’ हा फोटोसाठी होऊ लागला आहे. हात धुवा दिन, वाचन प्रेरणा दिन, वृक्षारोपण, तंबाखूमुक्ती, सुंदर शाळा अभियान. वरून पत्र येतं, लिंक येते, संध्याकाळपर्यंत फोटो चढवायचे. गुरुजी मुलांना रांगेत बसवतात, पुस्तकं हातात देतात, फोटो काढतात, पुस्तकं परत कपाटात. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचनाचा फोटो राज्यभरातून जातो. त्याच शाळेत एखाद्या बाईंनी कपाटाची किल्लीच चौथीच्या पोरीकडं दिलेली असते आणि ती रोज पुस्तकं वाटते, वहीत नोंद ठेवते, फाटलेल्याला डिंक लावते. त्याचा फोटो कुणी मागत नाही. बालबाजाराचंही तेच. घरची भाजी आणून विकणाऱ्या पोराला सुट्टे परत देताना जो घाम फुटतो, तेवढा हिशेब स्वाध्यायपुस्तिका शिकवत नाही. मात्र पाहुण्यांनी सगळा माल एकदम विकत घेतला की खेळ संपला.

दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, जळकोट भागातून ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघतात, पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता ठरलेला. सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा काही जागा रिकाम्या. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या मुलांसाठी शाळा व्यवस्थापन समितीमार्फत हंगामी वसतिगृहं चालवायची योजना आहे. जिथं अनुदान वेळेवर येतं आणि समितीतल्या बाया जागरूक असतात तिथं ती चालते. कायद्यानं या समितीत पालक पंचाहत्तर टक्के आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. कागदावर त्या असतातच, आणि एखादी आई उठून ‘माझं लेकरू नेणार नाही, इथंच ठेवते, त्याच्या जेवणाचं काय ते सांगा’ म्हणाली की समितीची बैठक खरी सुरू होते.

२०२३ मध्ये राज्यात वीसच्या आत पट असलेल्या शाळा सुमारे पंधरा हजार होत्या. त्याच वर्षी शालेय शिक्षण विभागानं अशा शाळा जवळच्या मोठ्या ‘समूह शाळे’त आणण्याचा विचार पुढं केला, नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळ दाखवले. या कल्पनेत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. खो-खोला मैदानात नऊ खेळाडू लागतात. अठरा पटाच्या शाळेतून मुलींचा संघ केंद्राच्या स्पर्धेपर्यंत जातच नाही. वर्गात एकच मूल असलं तर त्याला चुरस कुणाशी? पण लेंडी, मन्याड, तिरू या नद्यांच्या खोऱ्यात पावसाळ्यात ओढा भरला की वाडीचा रस्ता तुटतो, आणि सहा वर्षांच्या पोरीला तीन किलोमीटरवर पाठवायला घरचे तयार होत नाहीत. गाडी देऊ, असं सांगितलं की पालक लगेच विचारतात: डिझेल कुणाचं, आणि दुसऱ्या वर्षी गाडी बंद पडली तर?

म्हणून पट टिकवायला एप्रिल-मे महिन्यात दोनशिक्षकी शाळेतले दोघंही ऊन न बघता गावात फिरत असतात. अंगणवाडीताईंकडून यादी घ्यायची, शाळापूर्व तयारी मेळाव्याचं निमंत्रण द्यायचं, आजीला पटवायचं, बापाचा फोन नंबर घ्यायचा, आणि तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन दारात लागायच्या आधी पहिलीच्या रजिस्टरात नाव लिहून घ्यायचं.