टायमिंग कव्हरच्या आत

जुन्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये येतो तो निदान घेऊनच. "टॅपेट वाजतायत, जरा बघा." त्याआधी दोन-तीन मिस्त्रींनी ते बघितलेले असतात आणि आवाज होता तिथेच असतो. आमचे उस्ताद अशा वेळी टॅपेट कव्हरला हातही लावत नसत. डिस्ट्रिब्यूटरची कॅप काढायची, क्रँकच्या बोल्टला पाना लावायचा आणि इंजिन हाताने थोडं पुढे, थोडं मागे फिरवायचं. क्रँक वळतोय पण रोटर ढिम्म, असं दिसलं की समजायचं, टायमिंग चेन ढिली झाली. इंजिन न खोलता निकाल हातात.

एकदा साठच्या दशकाच्या अखेरची व्ही-8 इम्पाला आली. रोटर हलायला चांगलाच उशीर लागत होता. मालकांनी बजावलं, "चेन तेवढी बदला, बाकी कशाला हात लावू नका." कव्हर निघालं. क्रँकवरचं स्प्रॉकेट लहान, कॅमवरचं मोठं, त्याला दात बरोबर दुप्पट. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हायला हवी ना! त्या मोठ्या स्प्रॉकेटचे ओळीने काही दात गायब होते.

"दात कुठे गेले हो?"

"पोटात," उस्ताद म्हणाले आणि पोरांना इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर उतरवायला सांगितलं.

चेनचा आवाज होऊ नये म्हणून जनरल मोटर्सने त्या काळी अनेक व्ही-8 इंजिनांत ॲल्युमिनियमच्या स्प्रॉकेटवर नायलॉनचे दात चढवले होते. गाडी नवी असेपर्यंत कल्पना झकास. पण वर्षानुवर्षं गरम ऑइल खाऊन नायलॉन ठिसूळ होतं, तडकतं आणि तुकडे खाली चेंबरमध्ये पडतात. ऑइल पंपही ऑइल ओढतो तो तिथूनच. आमच्यासमोर पंपाची जाळी आली तेव्हा तिच्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढे तपकिरी तुकडे काळ्या गाळात रुतून बसले होते. जाळी आणखी तुंबली असती तर ऑइलचं प्रेशर पडून बेअरिंगं गेली असती, आणि तीही नव्याकोऱ्या चेनसकट. मालक गप्प झाले. दुपदरी रोलर चेन आणि दोन्ही पोलादी स्प्रॉकेट असा अख्खा सेट पडला. तो किंचित वाजतो. वाजू दे.

चेन ताणली गेली असं सगळेच म्हणतात. पोलाद काही ताणलं जात नाही. कडीकडीतली पिन आणि बुश झिजतात आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून चेन लांबते. मग ती दातांच्या टोकाकडे चढते आणि दात आकड्यासारखे झिजवते. असल्या दातांवर नवी चेन चढवणं म्हणजे पैसे पाण्यात. तरी लोक नुसती चेनच घेऊन येतात, कारण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या स्पेअरपार्टच्या दुकानांत तेवढीच मिळाली!

ॲम्बॅसेडरचं दुखणं निराळं. तिचं 1489 सीसीचं इंजिन बीएमसीच्या बी-सीरिजचं, म्हणजे ब्रिटिश एमजीए स्पोर्ट्‌स कारच्या भाऊबंदातलं. क्रँकच्या स्प्रॉकेटमागे तिथे पातळ वॉशर असतात. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत यावीत म्हणून ते घातलेले. खोलताना ते ऑइलच्या चिकटीने एकमेकांना धरून राहतात आणि सफाईत कचऱ्याबरोबर जातात. मग चेन तिरकी पळते. उस्ताद दोन्ही स्प्रॉकेटवर पोलादी पट्टी आडवी धरत, उजेड दिसला की वॉशर मोजायला लावत. स्प्रॉकेटवरच्या खुणा समोरासमोर आणून चेन बसली तरी इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा पाहिल्याशिवाय स्टार्टरला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती.

आणि ऑइल थ्रोअर! कव्हर लावायच्या आधी क्रँकवर बसणारी ती पत्र्याची चकती. 'एफ' अक्षराची बाजू बाहेर ठेवायची. घाईत ती उलटी बसली की पुढच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं. "ॲम्बॅसेडरखाली डाग असायचाच," म्हणत पोरं सटकू बघायची. उस्ताद काही न बोलता रेडिएटर पुन्हा उतरवायला लावायचे.